खर्च कोणाच्या नावे? : हिशोबनीस जे. सी. कुमारप्पा यांची ओळख



आजचा पाठ एका हिशोबनिसाबद्दल आहे. पण त्यांच्याकडे जाण्याआधी आपल्या रोजच्या व्यवहारातली एक गोष्ट बघू.

अनेक शाळांमध्ये, कार्यालयांमध्ये आणि आता घरांमध्येही मोबाईलची गट योजना असते. कार्यालयात तिला सीयूजी म्हणतात, घरी फॅमिली प्लॅन. दहा-बारा नंबर एकाच खात्यात असतात आणि बिल एकाच नावावर येतं. महिन्याच्या शेवटी ते बिल टेबलावर पडलं की प्रश्न उभा राहतो: कोणी किती द्यायचं? बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेलं असतं, रकमेला डोक्यांनी भागायचं आणि मोकळं व्हायचं. कुठे सगळ्यात कमी बोलणारा शिपाई मुख्याध्यापकांइतकेच पैसे देतो, तर कुठे सगळंच बिल संस्थेच्या माथी मारलं जातं आणि मग कोण किती बोलतो हे कुणी बघतच नाही.

रक्कम थोडी असते म्हणून आपण बोलत नाही. पण मुलं बघत असतात. सामाईक पैसा म्हणजे कुणाचाच नसलेला पैसा, हे ती अशा छोट्या जागीच शिकतात. म्हणून आज ज्यांची ओळख करून घ्यायची, त्यांनी आयुष्यभर एकच प्रश्न विचारला: हा खर्च कोणाच्या नावे टाकायचा? समोर कोण आहे हे बघून त्यांनी हा प्रश्न कधी गिळला नाही. समोर इंग्रज सरकार असो की स्वतः गांधीजी.

त्यांचं नाव जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा. त्यांच्या कामाची मोठी वर्षं आपल्या वर्ध्यात, मगनवाडीत गेली. सहलीची बस सेवाग्राम आणि पवनार करून परत येते, मगनवाडी मात्र बऱ्याचदा राहून जाते. तेव्हा हा पाठ वर्गात घेण्याआधी आपण नीट वाचून घेऊ.

गटाचं बिल बनतं कसं?

आधी हे समजून घ्या, म्हणजे पुढची गोष्ट मुलांना जोडता येईल.

गट योजनेत कंपनीकडे नंबरांची एक यादी नोंदवलेली असते. या यादीतल्या एका नंबरवरून दुसऱ्या नंबरला फोन लावला की यंत्रणा आधी तपासते, दोन्ही नंबर एकाच गटातले आहेत का? असतील तर तो कॉल गटातला, म्हणजे फुकट किंवा स्वस्त. एक जरी नंबर बाहेरचा असला, तर तो कॉल बाहेरचा आणि त्याला योजनेप्रमाणे दर. प्रत्येक कॉलची वेगळी नोंद होते: कोणी, कोणाला, कधी, किती वेळ. महिन्याच्या शेवटी या नोंदींना दर लावले जातात, त्यात दर नंबरामागचं ठरलेलं मासिक भाडं मिळवलं जातं, वरून १८ टक्के जीएसटी चढतो आणि बिल तयार होतं.

म्हणजे काय? यंत्रणेकडे प्रत्येकाचा हिशोब वेगळा असतोच. तो एकत्र करून डोक्यांनी भागण्याचं काम आपण करतो. आता अमर्यादित कॉलच्या योजना आल्यामुळे कॉलवरून वाद कमी झाले, पण डेटा, रोमिंग आणि परदेशी कॉल यांचा प्रश्न तसाच आहे.

नोंद आहे, पण ती कोणी उघडून बघत नाही. कुमारप्पांचं सगळं आयुष्य अशा न उघडलेल्या नोंदी उघडण्यात गेलं.

तंजावर ते लंडन

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तमिळनाडूतल्या तंजावरला, एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. त्यांचं तेव्हाचं नाव जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस. वडील सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला होते. घरात शिस्त होती, धर्मावर श्रद्धा होती आणि पैशाच्या बाबतीत काटेकोरपणा होता. कुमारप्पा हे आडनाव पुढे आलं, ते घराण्यातल्या जुन्या नावावरून.

ते लंडनला गेले आणि हिशोबतपासनीस होऊन आले. मुंबईत त्यांनी लेखापरीक्षणाचा व्यवसाय सुरू केला. कपडे विलायती, राहणी विलायती, व्यवसाय चांगला चालणारा. त्या काळी अशा माणसाला आयुष्यात आणखी काही करायची गरज नव्हती.

१९२७ मध्ये ते अमेरिकेला गेले. आधी सिरॅक्यूज विद्यापीठात व्यवसाय व्यवस्थापन शिकले आणि मग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थव्यवहार या विषयाकडे वळले. तिथे त्यांनी भारत गरीब का आहे या विषयावर एक भाषण दिलं. ते वर्तमानपत्रात आलं आणि त्यांचे प्राध्यापक सेलिग्मन यांच्या वाचनात आलं. सेलिग्मन यांनी त्यांना याच विषयाचा सरकारी हिशोबांच्या आधारे अभ्यास करायला सुचवलं.

इथे एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. कुमारप्पा अमेरिकेला निघाले तेव्हा ते काही देशभक्त म्हणून ओळखले जात नव्हते. त्यांना देशभक्तीकडे भाषणांनी नाही, आकड्यांनी नेलं. भारताकडून गोळा होणारा कर आणि त्या करातून होणारा खर्च त्यांनी शेजारी-शेजारी मांडून पाहिला. पैसे भारतीय शेतकरी भरत होता आणि खर्चाचा मोठा भाग त्याच्या उपयोगाचा नव्हता. कीर्द वाचता येणाऱ्या माणसाला यापेक्षा जास्त काही सांगावं लागत नाही.

साबरमतीच्या झाडाखाली

१९२९ मध्ये ते भारतात परतले. अभ्यासाचं हस्तलिखित छापायचं होतं, म्हणून ते गांधीजींना दाखवावं असं कुणीतरी सुचवलं. ९ मे १९२९ रोजी ते साबरमती आश्रमात पोहोचले.

भेटीला थोडा वेळ होता म्हणून ते फिरत होते. एका झाडाखाली, शेणाने सारवलेल्या जमिनीवर, एक म्हातारा माणूस सूत कातत बसलेला दिसला. अंगावर कडक इस्त्रीचा रेशमी सूट असलेले कुमारप्पा काठीवर रेलून ते बघत उभे राहिले. काही वेळाने त्या माणसाने आपणच कुमारप्पा का, असं विचारलं, तेव्हा उलगडा झाला की समोर बसलेले गांधीजीच आहेत. मग सुटाची इस्त्री बाजूला ठेवून ते तिथेच जमिनीवर बसले.

गांधीजींनी त्यांचा अभ्यास छापायचं कबूल केलं आणि लगेच दुसरं कामही दिलं: गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना घेऊन खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याची आर्थिक पाहणी करायची. कोलंबिया विद्यापीठातून आलेला हिशोबनीस आता शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून विचारू लागला, वर्षाला किती पिकतं, सारा किती भरता, उरतं किती? १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात गांधीजी आणि इतर पुढारी पकडले गेले तेव्हा 'यंग इंडिया' चालवण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. लिहिलेल्या लेखांपायी त्यांना तुरुंगातही जावं लागलं.

इंग्लंडने फाडलेलं बिल

१९३१ मध्ये कराची काँग्रेसनंतर एक समिती नेमली गेली. काम होतं भारत आणि इंग्लंड यांच्यातल्या देण्या-घेण्याची तपासणी. भुलाभाई देसाई, के. टी. शहा अशी जाणती माणसं समितीत होती आणि निमंत्रक होते कुमारप्पा.

प्रश्न सोपा होता. भारताच्या डोक्यावर एवढं सरकारी कर्ज आहे असं इंग्रज म्हणतात, ते खरोखर भारताचं आहे का?

बिल उलगडायला सुरुवात झाली. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार बंद करताना तिच्या भागधारकांना द्यायचे पैसे भारताच्या नावे. १८५७ चा उठाव दडपण्याचा खर्च भारताच्या नावे. अफगाणिस्तान आणि ब्रह्मदेशातल्या लढायांचा बोजाही भारताच्या नावे. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, भारताकडून इंग्लंडला १० कोटी पौंडांची भेट देण्यात आली. ही भेट दिली इंग्रज सरकारनेच आणि ती स्वीकारलीही त्यांनीच. पैसे मात्र आपले.

अशा रकमांची चर्चा दादाभाई नौरोजींच्या काळापासून चालू होती. आपल्या आजच्या विषयाला अगदी लागून असलेला एक जुना दाखला त्यात सापडतो. १८५९-६० मध्ये सुएझहून एडनमार्गे कराचीपर्यंत, तांबड्या समुद्रातून तारायंत्राची केबल टाकली गेली. इंग्लंडला भारताशी झटपट बोलता यावं म्हणून ही सोय. केबल लवकरच निकामी झाली. पण सरकारने कंपनीला परताव्याची हमी दिलेली होती, त्यामुळे मुक्या झालेल्या तारेचे पैसे भागधारकांना पुढे कित्येक वर्षं द्यावे लागले आणि त्यातला वाटा भारताच्या तिजोरीतून गेला. ज्या शेतकऱ्याने आयुष्यात तार पाठवली नाही, त्याच्या साऱ्यातून बंद पडलेल्या तारेचं भाडं!

बघा, हा गट योजनेचाच प्रश्न आहे. इंग्लंड आणि भारत एका गटात. जोडणी कोणाच्या सोयीची? वापर कोणाचा? आणि बिल कोणाच्या नावावर? समितीने असा निष्कर्ष काढला की इंग्लंडच्या फायद्यासाठी झालेले खर्च भारताने का सोसावेत याला आधार नाही. स्वातंत्र्याची मागणी भावनेवर उभी नाही, तिला हिशोबाचा पाया आहे, हे या अहवालाने दाखवलं.

बिहारचे तीन आणे

आता या पाठाच्या गाभ्याकडे येऊ. माझ्या मते वर्गात एकच प्रसंग सांगायचा असेल तर हाच सांगावा.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारला मोठा भूकंप झाला. गावंच्या गावं उद्ध्वस्त झाली. राजेंद्रप्रसादांच्या पुढाकाराने मदत समिती उभी राहिली आणि देशभरातून निधीचा ओघ सुरू झाला. कुणी हजारांनी दिले, कुणी पैशा-दोन पैशांनी. एवढ्या पैशाचा हिशोब सांभाळायला खात्रीचा माणूस हवा होता. कुमारप्पांना बोलावलं गेलं.

त्यांनी आल्याबरोबर नियम घातले. मदतकार्यातल्या स्वयंसेवकाच्या जेवणासाठी रोज तीन आणे, त्याहून एक पैसाही जास्त नाही. त्या वेळी रुपयाचे सोळा आणे होत, यावरून अंदाज करा. प्रत्येक खर्चाची पावती आणि प्रत्येक गाडीच्या फेरीचं कारण लिहिलेलं हवं.

मार्चमध्ये गांधीजी बिहारला आले. सोबत त्यांची मंडळी होती, त्यांच्या मोटारी होत्या. गांधीजींचा आहार म्हणजे फळं आणि शेळीचं दूध, तीन आण्यांत न बसणारा. व्यवस्था बघणाऱ्या लोकांनी हा खर्च मदत निधीतून होईल असं गृहीत धरलं असणार. गांधीजींपेक्षा मोठा पाहुणा कोण?

कुमारप्पांनी महादेवभाई देसाईंना स्पष्ट सांगितलं की गांधीजींच्या मंडळींच्या जेवणाचा आणि पेट्रोलचा खर्च या निधीतून मिळणार नाही, तो त्यांनी आपला आपण करावा. महादेवभाईंना हे विचित्र वाटलं. त्यांनी गांधीजींच्या कानावर घातलं. गांधीजींनी कुमारप्पांना बोलावून कारण विचारलं. कुमारप्पांनी कारण सांगितलं: हा पैसा लोकांनी भूकंपात सापडलेल्यांसाठी दिला आहे. कार्यकर्त्याला तीन आणे हा नियम आहे आणि नियम माणूस बघून बदलत नाही. गांधीजींनी ऐकून घेतलं, त्यांना ते पटलं आणि खर्च आपल्याकडूनच करायला त्यांनी महादेवभाईंना सांगितलं.

एवढंच घडलं. आवाज चढला नाही की रुसवा-फुगवा झाला नाही. पण यात दोन माणसांची परीक्षा होती. एक, ज्याने मोठ्या माणसाला नियम लावला. दुसरा, ज्याने मोठा असूनही तो लावून घेतला. दोघांपैकी एक जरी कमी पडला असता, तरी बाकीच्या स्वयंसेवकांसाठी तीन आण्यांचा नियम त्याच दिवशी संपला असता.

मुलांशी बोलताना आणखी एक बारकावा लक्षात घ्या. कुमारप्पांनी काही गांधीजींना दंड केला नव्हता. त्या दिवसांत गांधीजींचा अस्पृश्यता निवारणाचा दौराही चालू होता, त्यांच्या येण्याला आणखीही कारणं होती. हिशोबनिसाचा प्रश्न माणूस थोर की लहान हा नव्हताच. तो एवढाच होता की हा पैसा ज्या कामासाठी आला, त्याच कामासाठी चालला आहे का?

मगनवाडीतला हिशोब

ज्या माणसाने आपल्या जेवणाचे पैसे नाकारले, त्यालाच गांधीजींनी त्याच वर्षी नवं मोठं काम दिलं. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. वर्ध्याचे श्रीकृष्णदास जाजू अध्यक्ष आणि कुमारप्पा चिटणीस व संघटक. जमनालाल बजाज यांनी आपली बाग आणि तिथली इमारत संघाला दिली. गांधीजींचे दिवंगत सहकारी मगनलाल गांधी यांच्या नावावरून ती जागा मगनवाडी झाली. १९३६ च्या एप्रिलअखेर सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, जाईपर्यंत गांधीजी स्वतः मगनवाडीत राहत होते.

तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, हातकागद, मधमाशीपालन, ताडगूळ, साबण असे कितीतरी उद्योग इथे सुरू झाले. वनस्पती तेलावर चालणारा मगनदीप इथलाच. कार्यकर्ते शिकून आपापल्या गावी जात. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचं उद्घाटन झालं. ते आजही वर्ध्यात आहे.

पण मगनवाडी म्हणजे फक्त घाणी आणि चरखा असं मुलांना सांगू नका. कुमारप्पा इथेही हिशोबच करत होते, फक्त आता वही मोठी झाली होती. त्यांचं म्हणणं असं: बाजारात गिरणीची वस्तू स्वस्त दिसते, कारण तिच्या किमतीत सगळा खर्च धरलेला नसतो. गावातल्या घाणीवाल्याचा बुडालेला रोजगार, परक्या देशात कच्च्या मालासाठी चाललेली दडपशाही, जमिनीची आणि जंगलाची झीज, यातलं काहीच पावतीवर येत नाही. पावतीवर आलं नाही म्हणून तो खर्च नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या कुणाच्या नावे पडतो, आणि तो माणूस बहुधा दुबळा असतो. म्हणून ते सांगत की वस्तू विकत घेणारा तिच्या मागच्या अन्यायाचाही वाटेकरी असतो. शक्यतो जवळची वस्तू घ्या, म्हणजे ती कशी बनली ते डोळ्यांनी दिसतं.

आज आपण प्लास्टिक, पाणी, जुन्या मोबाईलचा कचरा यांबद्दल मुलांना शिकवतो. कुमारप्पांनी हा विचार वर्ध्यात बसून तेव्हाच मांडला होता.

एका फोनची गोष्ट

सेवाग्राम आश्रमात एक जुना टेलिफोन जपून ठेवलेला आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून तो बसवण्यात आला होता. आजच्या भाषेत ही एक खाजगी जोडणीच. एका टोकाला देशावर राज्य करणारा, दुसऱ्या टोकाला त्याला जा म्हणणारा.

सहलीला गेलात तर मुलांना तिथे थांबवा आणि कुमारप्पांचा प्रश्न विचारा: अशा फोनचं भाडं कोणी द्यायला हवं? ज्याला बोलायची गरज आहे त्याने? ज्याच्या दारात फोन आहे त्याने? की करदात्याने? मुलं भांडतील. भांडू द्या. या भांडणातून त्यांना कळेल की बिल ही फक्त बेरीज-वजाबाकी नसते. कोणाची सोय आणि कोणाचा खर्च, हे आधी ठरवावं लागतं, बेरीज नंतर येते.

तुरुंग, सेलडोह आणि अखेर

१९४२ च्या 'छोडो भारत' आंदोलनात कुमारप्पांना पुन्हा तुरुंगवास झाला. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तकं लिहिली. एक येशूच्या शिकवणुकीवर आणि दुसरं 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स', म्हणजे टिकाऊ अर्थव्यवस्था. निसर्ग आपला हिशोब चुकता करतो, माणसानेही घेतलं तेवढं परत द्यावं, असा त्याचा सार. प्रकृती ढासळल्यामुळे १९४५ मध्ये त्यांची सुटका झाली.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या शेतजमीन सुधारणा समितीचे ते अध्यक्ष झाले आणि १९४९ मध्ये समितीचा अहवाल आला. कसेल त्याची जमीन हा त्याचा रोख होता. पण देशाची गाडी मोठे कारखाने आणि मोठी धरणं यांच्या रुळावर निघाली होती. आपल्याच जुन्या सहकाऱ्यांच्या सरकारलाही ते खडे बोल सुनावत राहिले आणि हळूहळू एकटे पडत गेले. वर्धा जिल्ह्यातल्याच सेलडोहला त्यांनी पन्नई आश्रम नावाने शेतीचे प्रयोग सुरू केले. नंतर तब्येतीमुळे ते तमिळनाडूत, मदुराईजवळच्या टी. कल्लुपट्टीच्या आश्रमात राहायला गेले. लग्न केलं नाही, मालमत्ता केली नाही. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीच्याच दिवशी, मद्रासला त्यांचं निधन झालं.

वर्गात काय करता येईल?

इयत्ता सहावी ते आठवीसाठी गणित आणि मूल्यशिक्षण जोडून हा उपक्रम घेता येईल. खालचे आकडे फक्त उदाहरणासाठी धरलेले आहेत.

एका शाळेच्या गट योजनेत १२ नंबर आहेत. दर नंबराचं मासिक भाडं १५० रुपये. गटातले कॉल फुकट. बाहेरच्या कॉलचे या महिन्यात एका नंबरवर ३०० रुपये आणि दुसऱ्या नंबरवर १२० रुपये झाले. जीएसटी १८ टक्के.

भाडं १८०० आणि बाहेरचे कॉल ४२०, मिळून २२२० रुपये. त्यावर कर ३९९ रुपये ६० पैसे. एकूण बिल २६१९ रुपये ६० पैसे.

पहिली पद्धत : सरळ १२ ने भागा. प्रत्येकाला २१८ रुपये ३० पैसे.

दुसरी पद्धत : ज्याचा वापर त्याच्या नावे. दहा जणांना करासह प्रत्येकी १७७ रुपये. बाहेर ३०० रुपयांचे कॉल करणाऱ्याला ५३१ रुपये. १२० रुपयांचे करणाऱ्याला ३१८ रुपये ६० पैसे.

मुलांना दोन्ही बेरजा जुळवून पाहू द्या, दोन्हीकडे एकूण तेवढंच येतं. मग फरक काढायला सांगा. सरळ भागलं की दहा जण प्रत्येकी ४१ रुपये ३० पैसे जास्त देतात. म्हणजे त्या दहा जणांनी मिळून ४१३ रुपये दुसऱ्या दोघांसाठी भरले, आणि ते त्यांना कुणी सांगितलंही नाही.

आता खरी गंमत. मुलांना सांगा की ३०० रुपयांवाला नंबर मुख्याध्यापकांचा आहे आणि ते सगळे कॉल शाळेच्या सहलीची बस, पुस्तकं आणि पालकांशी बोलण्यासाठी झाले. मग ते ३०० रुपये त्यांच्या खिशातून जावेत का? नाही, शाळेच्या नावे पडावेत, कारण काम शाळेचं. आणि त्यातले १०० रुपये घरच्या कामाचे निघाले तर? तर ते १०० रुपये, करासह ११८, मुख्याध्यापकांच्याच नावे, आणि त्यांनी ते निमूट द्यावेत. बिहारमध्ये गांधीजींनी जे केलं ते हेच.

वर्गात चर्चेसाठी काही प्रश्न:

१. गटात महिन्याच्या मध्यावर नवीन सदस्य आला तर त्याच्याकडून पूर्ण महिन्याचं भाडं घ्यावं का?
२. कमी पगाराच्या सदस्याचं भाडं बाकीच्यांनी मिळून भरायचं ठरवलं, तर ते योग्य आहे का? सगळ्यांना विचारून ठरवणं आणि न सांगता बिलात लपवणं, यात फरक काय?
३. आपल्या घरात एकाच बिलावर किती जण अवलंबून आहेत? वीज, गॅस, मोबाईल. त्यातलं कोणाचं काम बिलावर दिसतच नाही?
४. कुमारप्पांनी गांधीजींना नियमातून सूट दिली असती, तर बाकीच्या स्वयंसेवकांनी काय केलं असतं?

दुसरा प्रश्न जरा वेळ देऊन घ्या. दहा जणांनी मिळून शिपाईमामांचं भाडं भरायचं ठरवलं तर ती आपुलकी. पण शिपाईमामांच्या नकळत साहेबांच्या कॉलचे पैसे त्यांच्या वाट्याला आले, तर ती चोरी. रक्कम दोन्हीकडे सारखी असू शकते. फरक फक्त वही उघडी आहे की बंद, एवढाच.

पालकांनी तिसरा प्रश्न घरी घ्यावा. मुलांना बिल वाचायला द्या, प्रत्येक ओळ कशाची ते विचारू द्या. आपल्याला अडचणीचा वाटणारा प्रश्न आला तरी दटावू नका. असा प्रश्न खुद्द गांधीजींनाही विचारला गेला होता आणि त्यांनी त्याचं उत्तर खिशात हात घालून दिलं होतं.